पिंपावरचे तीन ठोके

पक्षीबाईंनी अकरा वर्षांच्या नोकरीत रजिस्टरात शून्य एकदाच लिहिलं होतं, आणि तेसुद्धा वादळात टेहळणीच्या खोलीचं छप्पर उडालं त्या दिवशी. पुढे एकदा त्या तापाने फणफणून चार दिवस घरी होत्या, तेव्हा त्यांच्या बदली आलेल्या माणसाने खुर्चीतून न उठता चारही दिवस शून्य लिहून ठेवलं. कामावर परतल्यावर बाईंनी त्याला हाताला धरून धावपट्टीच्या कडेला नेलं आणि दहा मिनिटांत एकोणीस टिटव्या, सात होले आणि तारेवरचे अकरा वेडे राघू मोजायला लावले. तो माणूस त्यानंतर बाई समोरून येताना दिसल्या की रस्ता बदलायचा.

खरं नाव बाईंना होतंच, पगाराच्या पावतीवर छापून यायचं. पण विमान चालवायला शिकवणाऱ्या त्या संस्थेत सगळे त्यांना पक्षीबाईच म्हणत. संस्था म्हणजे एक धावपट्टी, एक बुटका मनोरा, सात छोटी विमानं आणि ती उडवायला शिकणारी एकोणीस-वीस वर्षांची पोरं. बाईंचं काम पक्षी बघायचं. सकाळी साडेसहाला सायकलवरून पट्टीला एक फेरी, मग दर दोन तासांनी एक. कुठे थवा बसला असेल तर फटाक्याच्या बंदुकीने उठवायचा आणि मनोऱ्याला कळवायचं. दुर्बीण संस्थेचीच, डाव्या डोळ्याने धूसर दाखवणारी, म्हणून बाई तो डोळा मिटूनच बघत.

रजिस्टरात मुळात तीन रकाने होते. पक्षी, संख्या, वेळ. चौथा बाईंनी स्वतः पट्टीने आखून घेतला होता: काय करत होते.

"बाई, पक्षी काय करत होते याच्याशी आपल्याला काय करायचंय?" मॅनेजरसाहेब एकदा हसत म्हणाले होते. "आपण काय त्यांचं लग्न जमवतोय?"

पण चौथ्या रकान्यातच सगळी गंमत होती. टिटवी दोन-चार पावलं तुरुतुरु पळते, थांबते, वाकून टोचते, परत पळते. कोणी जवळ आलं की एका बाजूला जाऊन आभाळ डोक्यावर घेते, आणि अंडी असतात भलतीकडेच, खडीत, खडीसारखीच दिसणारी. वेडा राघू तारेवरून झेपावतो, माशी पकडून त्याच तारेवर परत येतो आणि तिला आपटून आपटून मगच गिळतो. गायबगळे गवत कापणाऱ्या यंत्रामागे रांग लावतात, कारण यंत्र पुढे गेलं की मागे किडे उडतात. हे बाईंनी लिहिलं, लिहून लिहून साहेबांचं डोकं खाल्लं, तेव्हा कुठे गवत कापायची वेळ उड्डाणं संपल्यावरची झाली. त्या दिवसापासून बगळे विमानांच्या वाटेत आले नाहीत. त्याचं कौतुक अर्थात साहेबांचं झालं.

राहिल्या होत्या घारी.

रोज सकाळी पावणेअकराच्या सुमाराला वीस-पंचवीस घारी पट्टीच्या पूर्वेकडच्या टोकावर गोल गोल फिरू लागत. नेमकी तीच विमानं उतरायची वाट. दोन महिन्यांपूर्वी एक घार एका शिकाऊ पोरीच्या विमानाच्या पंखावर आदळली. पोरगी हिमतीची, विमान तिने सरळ खाली आणलं. उतरली, पाणी मागितलं, हसली आणि मग पायरीवर बसून हमसाहमशी रडली. बाईंनी तिला कुशीत घेतलं. पोरीचे हात बर्फासारखे गार पडले होते.

अहवालात काय लिहिलं गेलं? विमान जागेवर लावताना खांबाला घासलं. बाईंनी पंखाच्या खाचेत अडकलेलं तपकिरी पीस काढून चिकटपट्टीने रजिस्टरात लावलं. दुसऱ्या दिवशी पीस नव्हतं, चिकटपट्टी तेवढी होती.

मग यंत्र आलं. हिरव्या रंगाची पेटी, तिच्यावर चार भोंगे. चालू केलं की ससाण्याची किंकाळी, मग पकडलेल्या पाखराचा केविलवाणा आकांत, मग पुन्हा ससाणा. साहेबांनी पेटीला हार घालायचंच काय ते बाकी ठेवलं. म्हणाले, "आता एकही पक्षी फिरकणार नाही."

पहिल्या दिवशी तो आकांत ऐकून दीडशे कावळे गोळा झाले. कोणाला मारलं, कुठे मारलं, म्हणून पेटीभोवती मोठी सभा भरवली आणि मयत सापडत नाही म्हटल्यावर शिव्या देत निघून गेले. चौथ्या दिवशी साळुंक्या पेटीवर येऊन बसल्या. नवव्या दिवशी एका जोडप्याने खालच्या भोंग्यात काड्या भरायला सुरुवात केली. आत ससाणा ओरडतोय, आणि साळुंकीबाई चोचीत सुतळी धरून दारात उभ्या! बाईंना इतकं हसू आलं की सायकल आडवी पडली. त्यांनी लिहिलं: साळुंक्या, सहा, सव्वासात, यंत्रावर बसल्या, दोन घर बांधत आहेत.

संध्याकाळी पाहिलं तर त्या ओळीवर पांढरा रंग फासलेला आणि वर साहेबांच्या वळणदार अक्षरात शून्य.

बाईंचा पारा चढला. त्यांनी पांढरा रंग वाळू दिला आणि त्याच्यावर पुन्हा सहा लिहिलं. साहेबांनी पुन्हा रंग लावला. बाईंनी पुन्हा लिहिलं. तीन आठवडे हेच चाललं. टिटव्या, घारी, साळुंक्या, सगळ्यांवर थरावर थर चढले. रजिस्टर मिटेनासं झालं. दोघं एकमेकांना रोज नमस्कार करत होते आणि या विषयावर कोणी चकार शब्द काढत नव्हतं.

शेवटी साहेबांनीच त्यांना बोलावून घेतलं. खोली थंडगार, टेबलावर कागद तयार.

"बाई, येत्या रविवारी वरून तपासणी अधिकारी येतायत. यंत्र बघायला. मंजुरी मिळाली की यंत्र कायमचं. मग तुम्हाला उन्हातान्हात फिरायला नको. फाईलच्या खोलीत सोय करतो तुमची. पंखा आहे तिथे."

"आणि रजिस्टर?"

"यंत्र असल्यावर रजिस्टर कशाला? फक्त या कागदावर तुमची सही लागेल. निरीक्षक म्हणून. अकरा वर्षं तुम्हीच बघताय, तुमच्या सहीशिवाय ते मानणार नाहीत."

कागदावर छापलं होतं: यंत्र चालू असताना दिसलेले पक्षी. पुढे आधीच शून्य भरलेलं.

"घारी येतात, साहेब. रोज. तुमचं यंत्र कोकलत असताना."

"रविवारी येणार नाहीत," साहेब म्हणाले, आणि बोलून गेल्यावर त्यांनी ओठ चावला.

बाई खोलीबाहेर पडल्या त्या हेच घोळवत. रविवारी घारी येत नाहीत हे खरंच होतं. त्यांच्या स्वतःच्या चौथ्या रकान्यातच होतं ते. रविवार: घारी कुंपणापलीकडच्या निलगिरीवर बसून, तोंडं पश्चिमेला, साडेअकराला निघून गेल्या. रविवारी उड्डाणं बंद, कॅन्टीनही बंद. कॅन्टीन साहेबांच्या मेव्हण्याचं. मागच्या दाराशी वास नको म्हणून त्याने मटणाच्या, माशांच्या टाकाऊ तुकड्यांचं पिंप पट्टीच्या पूर्वेच्या टोकाला नेऊन ठेवलं होतं, झाकणाशिवाय. इथे पाणी मुरतंय हे बाईंना केव्हाच कळलं होतं आणि त्यांनी ते तीनदा लिहूनही दिलं होतं. तिन्ही अर्ज साहेबांच्या खणात होते. कळत नव्हतं ते एकच. पिंपात काही पडायच्या आधीच घारी हवेत कशा असायच्या?

घरी सासूबाई भाजी निवडत बसल्या होत्या. बाईंचा नवरा लांब पल्ल्याच्या ट्रकवर, आठवड्यातून दोन दिवस घरात, त्यामुळे घरात राज्य दोघींचं. त्यातही जास्त सासूबाईंचं. त्यांचं वय झालं होतं, ऐकायला कमी यायचं, जीभ मात्र तुपात बुडवलेल्या सुरीसारखी होती.

बाईंनी सगळं सांगितलं. "सही नाही केली तर नोकरी जाईल, आई. केली तर एखादं पोर जाईल."

"मग नोकरी जाऊ दे," सासूबाई देठ मोडत म्हणाल्या. "मेल्याला म्हणावं, तूच बस फाईलीत पंख्याखाली. मी अजून दोन घरचे कपडे शिवू शकते."

"तुम्हाला सुईत दोरा ओवता येत नाही."

"तू ओवून दे. तेवढं तर करशील?"

जेवणं झाल्यावर सासूबाई ताट घेऊन खिडकीशी गेल्या. उरलंसुरलं खिडकीबाहेरच्या पत्र्यावर टाकायच्या आधी त्यांनी ताट कठड्यावर दोनदा आपटलं, नेहमीसारखं. आणि समोरच्या गच्चीवरचा कावळा, ताटातलं काही खाली पडायच्या आत, पत्र्यावर हजर झाला.

"आई, परत आपटा."

"का?"

"आपटा ना. टाकू नका काही, नुसतं आपटा."

सासूबाईंनी ताट आपटलं. आणखी दोन कावळे आले. पत्रा रिकामा बघून त्यांनी सासूबाईंकडे अशा नजरेने पाहिलं की सासूबाई ओशाळून भाकरीचा तुकडा आणायला आत गेल्या. बाई खिडकीत तशाच उभ्या राहिल्या. कॅन्टीनचा आचारी पिंप वाजवतो. रोज. डाव हातात घेऊन तीन दणदणीत ठोके. इतकी वर्षं तो आवाज कानावर पडत होता आणि त्यांनी तो एकदाही रजिस्टरात लिहिला नव्हता. पक्षी बघायच्या नादात त्यांनी माणसाकडे बघितलंच नव्हतं.

रविवारी तपासणी अधिकारी सव्वादहाला आले. उंच, घामाघूम, डोक्यावर कापडी टोपी, गाडी चालू ठेवूनच उतरलेले. साहेबांनी त्यांना पट्टीच्या पूर्वेच्या टोकाशी नेलं. तिथे छत्री, खुर्च्या, सरबत. मेव्हणा पाहुण्यांना खुर्ची पुसून द्यायला हजर होता. बाई रजिस्टर काखेत धरून मागे उभ्या. हिरवी पेटी किंचाळत होती. खालचा भोंगा सकाळीच साफ केलेला, गवताच्या काड्या अजून खाली पडलेल्या. आभाळ पुसल्यासारखं मोकळं होतं.

"वा," अधिकारी म्हणाले. "खरंच काही नाही."

"अकरा वर्षांचा प्रश्न होता, सर," साहेब म्हणाले. "महिन्याभरात निकालात काढला." त्यांनी कागद पुढे केला. "बाई, सही."

"सर," बाई अधिकाऱ्यांकडे वळून म्हणाल्या, "आज कॅन्टीन बंद आहे म्हणून घारी नाहीत. उद्या अकराला या. नाहीतर कुठल्याही कामाच्या दिवशी या."

अधिकाऱ्यांनी घड्याळ बघितलं. साहेब मध्येच हसले, अगदी समजूतदारपणे. "बाईंचं चालायचंच, सर. यंत्र आलं म्हणजे त्यांचं काम गेलं. आता माणूस बिचारं काहीतरी बोलणारच. मी त्यांची सोय केलीय."

बिचारं! बाईंच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. वादळात छप्पर उडालेल्या खोलीत भिजत बसलेली मी, ताप उतरल्या उतरल्या सायकलवर बसलेली मी, आणि हा मला बिचारी म्हणतो? पायरीवर रडणारी ती पोरगी त्यांना दिसली. तिची आई कुठेतरी असेलच, आज रविवार म्हणून लेकीच्या फोनची वाट बघत.

"दहा मिनिटं थांबा, सर," त्या म्हणाल्या. "गाडी बंद करा, पेट्रोल वाचेल."

आणि चालू लागल्या.

"बाई! कुठे निघालात?" साहेब ओरडले.

पिंप साठ पावलांवर होतं. रिकामं, तळाशी थोडं चिकट काहीतरी. डाव त्याच्या कडीला अडकवलेला, आचारी रोज अडकवून जायचा तसा. बाईंनी डोळा मिटून दुर्बिणीतून कुंपणापलीकडे पाहिलं. निलगिरीच्या फांद्यांवर तपकिरी गाठोडी बसली होती, तोंडं इकडेच. मग पट्टीवर, मनोऱ्यावर, सगळीकडे बघून घेतलं. एकही विमान बाहेर नव्हतं.

त्यांनी डाव काढला आणि पिंपावर हाणला. दण्ण. परत. दण्ण. आणखी एक, दोन्ही हातांनी, सगळा राग एकवटून.

क्षणभर काहीच झालं नाही. मागे मेव्हणा हसला. मग निलगिरीवरून पहिली घार सुटली. मग चार. मग झाडच्या झाड रिकामं झालं. दूरच्या पाण्याच्या टाकीवरून, बाजाराच्या बाजूने, कुठून कुठून आल्या, आणि बघता बघता पट्टीच्या टोकावर मोठं चक्र फिरू लागलं, शेपट्या इकडून तिकडे वळवत, खालच्या माणसांवर सावल्या टाकत. हिरवी पेटी जीव तोडून किंचाळत होती. एक घार पेटीवरून इतकी खालून गेली की साहेबांनी सरबताचा पेला डोक्यावर धरला आणि सरबत कॉलरमध्ये ओतून घेतलं.

बाई परत आल्या, हातात डाव तसाच.

"हे तुम्ही... हे बोलावलंत?" अधिकारी वर बघतच म्हणाले.

"मी नाही, सर. हा ठोका बोलावतो. रोज उड्डाणांच्या वेळेला."

गोंगाट ऐकून कॅन्टीनमागच्या खोलीतून आचारी धावत आला होता, अंगात बनियन, तोंडाला साबण. अधिकाऱ्यांनी त्यालाच विचारलं, "हे पिंप वाजवायला कोणी सांगितलं तुम्हाला?"

आचाऱ्याला वाटलं, आपल्यावर खापर फुटतंय. तो घाईघाईने म्हणाला, "साहेबांचंच परिपत्रक आहे ना! भिंतीवर लावलंय. कचरा टाकण्यापूर्वी पिंप जोरात वाजवून पक्षी हाकलावेत. मी एक दिवस चुकवला नाही, सर. सात वर्षं झाली."

साहेब शर्ट पुसत राहिले. मेव्हण्याला अचानक गेटवर काहीतरी काम आठवलं.

"हे सगळं खोटं दाखवणं आहे, सर," साहेब शेवटी म्हणाले. "या बाईंनी मुद्दाम..."

"मुद्दामच," बाई म्हणाल्या. "तुम्ही रविवार मुद्दाम निवडलात, मी डाव मुद्दाम वाजवला. पण घारी कोणाच्या सांगण्यावरून उडत नाहीत."

त्यांनी टेबलावरचा कागद ओढला. छापील ओळीपुढचं शून्य आडव्या रेघेने खोडलं. मान वर करून, डावा डोळा मिटून, ओठ हलवत मोजलं, आणि मग लिहिलं: घारी, चौतीस. खाली सही केली, पूर्ण नावाची, पगाराच्या पावतीवर असतं ते नाव. अधिकाऱ्यांनी ते नाव वाचलं आणि त्यांना नावाने हाक मारली. अकरा वर्षांत तिथे कोणी मारली नव्हती.

"इतके दिवस तुम्ही कळवलं का नाहीत?"

बाईंनी काखेतलं रजिस्टर काढून त्यांच्या पुढ्यात ठेवलं. ते मिटत नव्हतंच, आपोआप उघडलं. अधिकाऱ्यांनी पानावरून बोट फिरवलं. पांढऱ्या रंगाचे टेंगूळ, ओळीओळीने, पानामागून पान.

"हे काय आहे?"

"साळुंक्या आहेत, सर. त्याच्या खाली घारी. या पानावर चिकटपट्टी आहे ना, तिथे त्या पोरीच्या विमानाला लागलेल्या घारीचं पीस होतं." बाईंनी केसांतली पिन काढून त्यांच्या हातात दिली. "खरवडून बघा. सगळे तिथेच आहेत."

अधिकाऱ्यांनी ड्रायव्हरला गाडी बंद करायला सांगितलं आणि खुर्ची टेबलाजवळ ओढली. साहेब उभेच होते.

वर घारी अजून फिरत होत्या, रिकाम्या पिंपाकडे बघत. बाईंना त्यांचं वाईट वाटलं. अकरा वर्षांत त्यांनी पाखरांना फसवलं नव्हतं, आज फसवलं. त्या आचाऱ्याकडे वळल्या.

"उद्यापासून हे पिंप झाकणाचं, आणि कुंपणापलीकडे, निलगिरीच्या पलीकडे. तिथे काय वाजवायचं ते वाजव."

"साहेबांनी सांगितलं तर..." आचारी साबण पुसत पुटपुटला.

"मी सांगतेय," पक्षीबाई म्हणाल्या, आणि डाव त्याच्या हातात न देता सायकलच्या कॅरिअरला लावून साडेदहाची राहिलेली फेरी मारायला निघाल्या.